हत्ती कोणाचा?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या प्रबोधन कार्यक्रमातील भाषण)





समितीने बोलायला सांगितले तेव्हा आम्ही प्रथम नाही म्हणालो. आम्ही वक्ते नाही, प्राध्यापक नाही. नववीतून शाळा सुटली आणि सूतगिरणी धरली. रिंग खात्यात तीन पाळ्यांत तीस वर्षे गेली. वाचन जे काही झाले ते याच विहाराच्या लोखंडी कपाटातल्या पुस्तकांवर, तेही रात्रपाळी करून आल्यावर. तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झाले तर आपलाच माणूस समजून सांभाळून घ्यावे.

विषय मात्र आम्हीच मागून घेतला. रिपब्लिकन पक्ष आणि बहुजन समाज पक्ष, या दोघांचे विचार आणि दोघांच्या निशाण्या. विषय ऐकून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. विहारात राजकारण कशाला, असे म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे आहे. विहारात प्रचार नकोच, आणि आम्हीही प्रचाराला उभे नाही. परंतु बंधूंनो, आपण चपला बाहेर काढून आत येतो, राजकारण मात्र चपलांसकट आत येऊन बसते. मग एकदा त्याला समोर बसवून नीट पाहिलेले काय वाईट?

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. गिरणीत रुईची गाठ येते. गाठीवर मार्का असतो. नवीन पोरगा मार्का वाचतो आणि गाठ चांगली म्हणून सोडून देतो. जुना माणूस गाठ फोडतो, चिमूटभर रुई काढतो, दोन्ही हातांच्या बोटांनी ओढून तंतू किती लांब, किती मजबूत हे पाहतो. पक्षाची निशाणी म्हणजे गाठीवरचा मार्का. पक्षाचा विचार म्हणजे आतली रुई. आज आपण दोन्ही पाहणार आहोत.

हत्तीची पेटी

१९५२ साली आपल्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या वेळी शंभरात जेमतेम अठरा माणसांना लिहितावाचता येत होते. म्हणून प्रत्येक उमेदवाराला चिन्ह दिले गेले. आजच्या पोरांना ठाऊक नसेल, पण तेव्हा कागदावर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले. मतदाराने आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. १९५७ लाही तसेच. शिक्का मारण्याची पद्धत १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून सगळीकडे आली.

आमचे आजोबा त्या वेळी नागपूरला मिलमध्ये बदली कामगार होते. अक्षरओळख नाही. मरेपर्यंत सांगत, "म्या हत्तीच्या पेटीत कागद टाकला, बाप्पा!" तो हत्ती बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा.

बाबासाहेबांनी पहिला पक्ष काढला तो १९३६ साली, स्वतंत्र मजूर पक्ष. नावातच मजूर. १९३८ साली नोव्हेंबरमध्ये मुंबईत कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध जो एक दिवसाचा मोठा संप झाला, त्यात हा पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरला होता. गिरणी कामगार म्हणून आम्हाला त्या गोष्टीचा विशेष अभिमान आहे. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरला फेडरेशनची स्थापना झाली. १९५२ साली फेडरेशन हत्ती घेऊन मैदानात उतरले. खुद्द बाबासाहेब मुंबईत पडले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले. भंडारा काही आपल्यापासून लांब नाही. घटना लिहिणाऱ्या माणसाला त्याच घटनेने दिलेल्या निवडणुकीत दोनदा हार खावी लागली. पण आजोबांसारख्या लोकांनी हत्ती सोडला नाही, कारण त्यांच्या लेखी हत्ती म्हणजे बाबासाहेब.

आपल्या माणसाला हत्ती परका नव्हताच. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या प्रवेशाला दगडी हत्ती उभे आहेत. ओरिसात धौलीला सम्राट अशोकाच्या शिलालेखापाशी खडकातून हत्ती कोरलेला आहे. सारनाथच्या सिंहस्तंभावर सिंहांच्या खालच्या पट्टीत हत्ती आहे.

रिपब्लिकन पक्षाचा विचार

आता पहिल्या पक्षाकडे येऊ. फेडरेशन हे नावाप्रमाणे अनुसूचित जातींपुरते होते. बाबासाहेबांना ते पुरेसे वाटेना. धर्मांतराच्या त्या शेवटच्या वर्षात त्यांच्या मनात सर्वांसाठी खुला असा पक्ष होता. स्वातंत्र्य, समता, बंधुता आणि न्याय मानणारा कोणीही त्यात यावा आणि सत्ताधारी काँग्रेससमोर खरा विरोधी पक्ष उभा राहावा, ही कल्पना होती. १९५६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालला होता तो याच कारणाने. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. पक्ष पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपूरलाच भारतीय रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली, एन. शिवराज अध्यक्ष झाले. हत्तीही या पक्षाबरोबर चालू लागला.

या पक्षाने काही केलेच नाही असे जे आज सर्रास बोलले जाते, ते आम्हाला मान्य नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला. दुसऱ्या सत्याग्रहात देशभरात तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली. बाया कडेवर लेकरे घेऊन जेलात गेल्या. मागण्या काय होत्या? पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. धान्याचे भाव आवरा. बौद्धांना सवलती द्या. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा. यातली शेवटची मागणी आणि बौद्धांना केंद्राच्या सवलती, दोन्ही १९९० साली पुऱ्या झाल्या. पंचवीस वर्षे लागली, पण बीज त्या जेलात पेरले होते.

आणखी एक गोष्ट. १९६२ साली रिपब्लिकन पक्षाचे तीन खासदार निवडून आले, ते कुठून? महाराष्ट्रातून नव्हे, तर उत्तर प्रदेशातून. अलीगढहून बी. पी. मौर्य आले. दलित आणि मुसलमान एकत्र आल्यावर काय होते, ते त्या निवडणुकीने दाखवले. हे ध्यानात ठेवा, पुढे कामास येईल.

मग बिघडले कुठे? पक्ष दोन वर्षांचा होत नाही तोच फूट पडली. एक गट दुरुस्त, दुसरा नादुरुस्त, अशी नावे लोकांनीच ठेवली. पुढे दादासाहेबांचा गट, आपल्या चांदा जिल्ह्याचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा गट, मग गवई गट, कांबळे गट, आठवले गट. पक्षाच्या नावापुढे कंस आला आणि कंसात एक अक्षर आले. गावातला एक मास्तर गमतीने म्हणत असे की पोरांना बाराखडी शिकवायची असेल तर रिपब्लिकन पक्षाचे गट मोजा. आम्ही हसलो, पण हसताना लाज वाटली.

बसपाचा विचार

आता दुसरा पक्ष. याची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली. पंजाबातील रोपड जिल्ह्यातले कांशीराम पुण्याला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथे बुद्धजयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्या रद्द झाल्या. दीनाभाना नावाच्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला, त्याच्यावर कारवाई झाली. तो राजस्थानचा, वाल्मीकी समाजाचा. आपल्या महाराष्ट्राच्या माणसांआधी तो उभा राहिला, हे विसरू नका. कांशीराम त्याच्या बाजूने लढले. त्याच काळात सहकारी डी. के. खापर्डे यांच्यामुळे बाबासाहेबांचे जातिसंस्थेवरचे पुस्तक त्यांच्या हाती आले आणि तो माणूस बदलला. नोकरी सोडली, घर सोडले, लग्न केले नाही. काही काळ त्यांनी रिपब्लिकन पक्षाचेही काम केले. गटबाजी पाहून बाहेर पडले.

त्यांनी घाई केली नाही. ६ डिसेंबर १९७८ ला शिकलेल्या नोकरदारांची बामसेफ, १९८१ ला डीएस-फोर आणि १४ एप्रिल १९८४ ला बहुजन समाज पक्ष. आधी माणसे, मग पैसा, मग पक्ष. त्यांचा विचार असा की अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि धर्माने अल्पसंख्य, हे सारे मिळून शंभरात पंच्याऐंशी. ते एकत्र आले तर कोणापुढे हात पसरण्याची गरज नाही. मागणारे होऊ नका, देणारे व्हा. सत्ता ही सर्व कुलुपांची किल्ली आहे, हे बाबासाहेबांचेच सांगणे त्यांनी धरले. पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, त्यांनी चमच्यांच्या युगावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. दुसऱ्यांच्या पक्षात बसून आपल्या समाजाला विकणारे पुढारी म्हणजे चमचे. हा टोला आमच्या रिपब्लिकन पुढाऱ्यांनाही होता, आणि तो काही अगदीच चुकीच्या ठिकाणी लागला नाही.

फळ काय मिळाले? जून १९९५ मध्ये मायावती उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. २००७ साली तर ४०३ पैकी २०६ जागा घेऊन, कोणाच्याही टेकूशिवाय. त्या राज्यात गौतम बुद्धांच्या नावाचा जिल्हा झाला, कानपूरच्या विद्यापीठाला आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे नाव मिळाले. पुण्यात फुले वाचलेला माणूस लखनौला फुल्यांचा पुतळा उभा करायला कारण झाला. आम्ही रिपब्लिकन असूनही त्या दिवशी छाती फुगली, हे कबूल करतो.

दोघांत फरक कशाचा?

फरक तीन गोष्टींत आहे असे आमच्या अल्पमतीला वाटते.

पहिला फरक, आपले कोण म्हणायचे? रिपब्लिकन पक्षाने कागदावर सर्वांना दार उघडे ठेवले, प्रत्यक्षात मात्र महाराष्ट्रात तो एका समाजाचा, बौद्धांचा पक्ष म्हणूनच ओळखला गेला. मातंग, चर्मकार, ओबीसी यांना आपण आत बोलावले नाही, आणि बोलावले तेव्हा सतरंजीच्या कडेला बसवले. बसपाने जातीजातींच्या थोर पुरुषांचे फोटो एका रांगेत लावले आणि प्रत्येकाला सांगितले, हा तुझा माणूस आणि हा पक्षही तुझा. मात्र ज्या महाराष्ट्रात हा विचार सुचला त्याच महाराष्ट्रात ते साधले नाही. विदर्भात मते मिळाली, नागपूर महापालिकेत नगरसेवक आले, त्यापुढे गाडी सरकली नाही.

दुसरा फरक, वाट कोणती? रिपब्लिकनांची वाट मोर्चाची, सत्याग्रहाची, तुरुंगाची. मराठवाडा विद्यापीठाचा नामांतराचा ठराव १९७८ चा, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षे आंबेडकरी जनता रस्त्यावर होती, त्यात सगळे गट होते. बसपाची वाट मतपेटीची. रस्त्यावर ताकद घालवू नका, मतदान केंद्रावर लावा, असे कांशीरामांचे सांगणे. आम्हाला विचाराल तर दोन्ही लागतात. नुसता मोर्चा केला तर पोलिसांची काठी मिळते, आणि नुसते मत दिले तर पाच वर्षे कोणी विचारीत नाही.

तिसरा फरक, धम्माचा. रिपब्लिकन कार्यकर्ता सकाळी विहारात वंदना घेतो आणि दुपारी सभेला जातो, त्याच्या लेखी धम्म आणि पक्ष एकाच घरातले. बसपाने म्हटले, आधी सत्ता, मग धम्म. कांशीरामांनी धर्मांतराच्या पन्नासाव्या वर्षी, २००६ साली, लाखोंसह दीक्षा घेण्याचा मनोदय जाहीर केला होता. ९ ऑक्टोबर २००६ ला ते गेले. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने झाला, दीक्षा राहून गेली.

आणि इथेच निशाणीचा प्रश्न येतो. २००७ च्या निवडणुकीत ब्राह्मणांची मते हवी होती, तेव्हा प्रचारात घोषणा आली की हा हत्ती नाहीच, हा गणेश आहे. बंधूंनो, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली तिसरी प्रतिज्ञा आठवा. गौरी-गणपती मानणार नाही, असे आपल्या आजोबांनी दीक्षाभूमीवर हात जोडून सांगितले. ज्या आजोबांनी हत्तीच्या पेटीत कागद टाकला त्याच आजोबांनी. तोच हत्ती, पन्नास वर्षांत त्याचा गणेश झाला. गाठीवरचा मार्का बदलला नाही, रुई बदलली.

पण म्हणून रिपब्लिकनांनी फार मान वर करू नये. बसपाने १९९५, १९९७ आणि २००२ साली भाजपचा टेकू घेतला म्हणून आम्ही शिव्या दिल्या. दादासाहेबांच्या काळातच आम्ही काँग्रेसशी समझोता केला आणि दोन-चार जागांवर समाधान मानले, हे का विसरायचे? २०११ पासून आमचाच एक गट शिवसेना-भाजपच्या मांडवात गेला. १९९८ साली सारे गट एकत्र आले तेव्हा महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन खासदार निवडून गेले, अकोला, अमरावती, चिमूर आणि मुंबईतून. चारही खुल्या जागांवरून! एकीची ताकद आपण डोळ्यांनी पाहिली. पुढच्याच वर्षी निवडणूक आली आणि एकी मोडली. तेव्हा लाचारी कोणाच्या अंगणात नाही, असे म्हणायची सोय कोणालाच नाही.

चिन्ह कोणाच्या मालकीचे?

आता कायद्याची गोष्ट, कारण यावर वस्तीत फार वाद होतात. चिन्ह कोणत्याही पक्षाच्या मालकीचे नसते. १९६८ सालचा निवडणूक आयोगाचा चिन्हांबाबत आदेश आहे. ज्या पक्षाला ठराविक टक्के मते आणि जागा मिळतात त्याला मान्यता, आणि मान्यता असेल तर चिन्ह राखीव. मते घसरली की मान्यता जाते. पक्ष फुटला तर खरा कोण, हे आयोग ठरवतो. मान्यता नसलेल्यांना उरलेल्या मोकळ्या चिन्हांतून मिळेल ते घ्यावे लागते.

रिपब्लिकन पक्षाची मते गटागटांत वाटली गेली आणि हत्ती हातून गेला. कोणी चोरून नेला नाही. बसपाने पुढे तो मागून घेतला आणि मते मिळवून टिकवला. जिथे १९६२ साली रिपब्लिकन हत्ती चालला होता त्याच उत्तर प्रदेशच्या मातीत तो पुन्हा चालला. गंमत अशी की आसामात बसपालाही हत्ती मिळत नाही, तिथे तो आसाम गण परिषदेकडे आहे. म्हणजे सीमा ओलांडली की हत्तीचा पक्ष बदलतो!

निशाणी हातात नसेल तर काय होते, तेही पाहिले. वंचित बहुजन आघाडीला २०१९ साली लोकसभेला कपबशी आणि त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर. सहा महिन्यांत दोन चिन्हे. म्हाताऱ्या माणसाला कोणते बटण सांगायचे? कार्यकर्त्याचा अर्धा वेळ विचार सांगण्याऐवजी चिन्ह सांगण्यातच जातो.

आणि निशाणी हातात असूनही काय होते, तेही पाहा. जानेवारी २०१२ मध्ये उत्तर प्रदेशची निवडणूक आली तेव्हा लखनौ आणि नोएडाच्या स्मारकांतले दगडी हत्ती झाकण्याचा हुकूम आयोगाने काढला. पक्ष म्हणत होता की चिन्हातल्या हत्तीची सोंड खाली आहे आणि पुतळ्यांची वर, स्वागताची. ते चालले नाही, हत्ती कापडात गुंडाळले गेले. पण खरा धक्का मतांनी दिला. २००७ ला २०६, २०१२ ला ८०, २०१७ ला १९ आणि २०२२ ला एक. २०२४ च्या लोकसभेत देशभरात एकही जागा नाही. दगडाचा हत्ती जागचा हलत नाही, मतांचा हत्ती मात्र चालता झाला. जी पाळी एकेकाळी आमच्यावर आली ती त्यांच्यावरही येऊ शकते, आणि तसे झाले तर आम्हाला आनंद होणार नाही.

झेंड्याची काठी

आता जी गोष्ट सांगायला आम्ही उभे राहिलो ती सांगतो.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आपण सारे दादा म्हणता, ते बसपाचे. आम्ही रिपब्लिकनांच्या एका कंसातले. एका चुलीवर वाढलो, पण निवडणूक आली की ताटे वेगळी. २००९ साली लोकसभेचे आपले मतदान १६ एप्रिलला होते, म्हणजे जयंतीनंतर दोनच दिवसांनी. वस्तीत जयंतीचे मांडव दोन झाले. एक दादाचा, एक आमचा. भोंगे समोरासमोर. रात्री दोन मिरवणुका एकाच चौकात आल्या. आधी वाट कोणाची, यावरून बोलाचाली झाली, मग ढकलाढकली. आमच्या पुतण्याचे डोके फुटले. सात टाके पडले. ज्याच्या हातून लागले तो आमचाच मुलगा. फोडले कशाने? झेंड्याच्या काठीने. एका झेंड्यावर अशोकचक्र, एका झेंड्यावर पांढरा हत्ती, पण बंधूंनो, कापड दोन्हींचे निळेच होते.

दवाखान्याच्या पायरीवर आम्ही दोघे भाऊ बसलो होतो. एकमेकांकडे पाहण्याची हिंमत नव्हती. त्यानंतर आठ-नऊ महिने बोलणे बंद.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये वर्गणीला निघालो. आमची पोरे एका बाजूने, दादाची दुसऱ्या बाजूने. एकाही घरातून पैसा मिळेना. चौकशी केली तेव्हा कळले की आमच्या मायने आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांनी घरोघर जाऊन ठरवून टाकले होते. आम्ही घरी येऊन तणतणलो. माय चुलीपुढून उठलीही नाही. म्हणाली, "बाबासाहेब एक, पंचशील एक, अन् मांडव दोन काहून? ज्या दिवशी एक मांडव घालसान, त्या दिवशी वर्गणी देऊ."

माय शाळेत गेली नव्हती. पण तिने जे केले ते अडीच हजार वर्षांपूर्वी कोसंबीच्या उपासकांनी केले होते, हे आम्हाला नंतर वाचताना कळले. कोसंबीत भिक्खूंचे दोन तट पडले. कारण केवढे? शौचकूपातल्या भांड्यात उरलेले पाणी ठेवणे हा दोष की नाही. तथागतांनी समजावले, भिक्खूंनी ऐकले नाही, उलट आपण शांत राहावे, आमचे आम्ही पाहून घेऊ, असे सांगितले. तथागत एकटेच पारिलेय्यक वनात निघून गेले. तिथे त्यांची सेवा कोणी केली? एका हत्तीने. तोही कळपाच्या धक्काबुक्कीला कंटाळून एकटा आला होता. आणि नगरातल्या उपासकांनी काय केले? त्यांनी भांडणाऱ्या भिक्खूंना वंदन करणे बंद केले, भिक्षा घालणे बंद केले. पोट रिकामे राहिले तेव्हा अक्कल आली, आणि भिक्खू भांडण मिटवायला श्रावस्तीला तथागतांकडे गेले.

तो हत्ती कोणत्या पक्षाचा होता, सांगा.

मतभेद असूच नयेत असे धम्म म्हणत नाही. संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की भिक्खूसंघाला संसदेचे सगळे नियम ठाऊक होते. ठराव कसा मांडावा, गणसंख्या किती, मतदान कसे घ्यावे, सारे. संघात मतासाठी रंगीत शलाका, म्हणजे काड्या, वाटत. भिक्खू आपल्या मताची काडी उचलीत, मोजणी होई, निकाल लागे. काड्या वेगळ्या, पण संघ एकच. मत वेगळे पडणे हा अपराध नव्हता. संघ फोडणे हा मोठा अपराध होता. आपण नेमके उलटे केले. काडी मत द्यायला होती, आपण ती डोक्यात घातली.

२०१० साली मांडव एकच झाला. विहाराच्या नोंदवहीत ठराव लिहिला गेला, त्याखाली दादाची सही आहे आणि आमचीही. विहारात आणि जयंतीच्या मिरवणुकीत कोणत्याही पक्षाचे चिन्ह येणार नाही. पंचरंगी धम्मध्वज आणि साधा निळा झेंडा, एवढेच. आज त्या ठरावाचा कागद पिवळा पडला आहे. माय राहिली नाही. तिच्या पुण्यानुमोदनाला दोघे भाऊ एका पंगतीत बसलो होतो. ज्या पोराचे डोके फुटले होते आणि ज्याने फोडले होते, ते दोघे आज विहारातली रविवारची शिकवणी मिळून चालवतात. दादाचे मत आजही हत्तीला, आमचे आजही कंसातल्या पक्षाला. चहा मात्र एका किटलीतला.

काय करावे?

शेवटी तीन विनंत्या करतो आणि बसतो.

पहिली, निशाणी पाहून मत देऊ नका आणि निशाणी पाहून मत नाकारूही नका. दारी येणाऱ्या प्रत्येकाला, तो हत्तीवाला असो, कंसवाला असो, की सिलिंडरवाला, तीन प्रश्न विचारा. भूमिहीनासाठी काय करणार? पोरांच्या शिष्यवृत्तीचे आणि वसतिगृहाचे काय? आणि निवडून आल्यावर कोणाच्या मांडवात बसणार? रुई ओढून पाहा. तंतू तुटला तर मार्का कितीही जुना असो, गाठ परत करा.

दुसरी, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड राखीव आहे, राळेगाव आणि आर्णी आदिवासींसाठी आहेत. तिथल्या मातंग, चर्मकार, गोंड, कोलाम बांधवांच्या सुखदुःखाला आपण किती जातो? बहुजन हा शब्द कांशीरामांनी वापरला, खुला पक्ष बाबासाहेबांनी मनात आणला. दोघांचे सांगणे एकच होते, आपल्या वस्तीच्या बाहेर पडा. ते काम दोन्ही पक्षांकडून अर्धे राहिले. ते करायला निवडणुकीची आणि चिन्हाची गरज नाही.

तिसरी विनंती उपासिकांना. वर्गणीची किल्ली तुमच्या हाती आहे. पुन्हा कधी मांडव दोन होताना दिसले तर आमची, दादाची, कोणाचीही भीड धरू नका. मायने केले ते करा.

सूत तुटते, ताई-भाऊहो. रिंग खात्यात पाळीभर आम्ही तेच करतो, तुटलेले टोक शोधायचे आणि चालत्या साच्यावर पुन्हा सांधायचे. साचा थांबवायचा नाही आणि टोक सोडायचे नाही. समाजाचेही तेच आहे.